पंधरा सेंटिमीटरांची तक्रार

तालुक्याच्या कार्यालयांत शीला आडे हे नाव निघाले की टेबलामागच्या माणसाचा हात आपोआप आवक-शिक्क्याकडे जातो. गेल्या वीस-बावीस वर्षांत तिने किती अर्ज केले हे आता तिलाही सांगता येणार नाही. आठवडी बाजारातल्या बायकांना बसायला ओटे नाहीत, तांड्यावरची बस कोणालाही न विचारता बंद केली, शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या झाडाची मुळे जमिनीच्या वर दाखवली आहेत, अशा प्रत्येक गोष्टीवर तिने सविनय लिहिले. तिचे मराठी इतके निर्दोष असते की बाबू लोक तिचे अर्ज एकमेकांना वाचून दाखवतात, एखाद्या वाक्याला मान डोलावतात आणि कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवतात. मागून तिला सगळे ‘अर्जवाली मॅडम’ म्हणतात. समोर आली की खुर्ची देतात, कारण बसवून ठेवणे हे उत्तर देण्यापेक्षा सोपे असते.

त्या सर्व अर्जांत एक अर्ज मात्र असा होता की ज्यात अर्जदार ती होती आणि गैरअर्जदारही तीच. ही हकीकत त्या अर्जाची.

शीला दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यात वाढली. तांड्यातल्या कुमारिका श्रावणात तीज पेरतात. बांबूच्या टोपलीत काळी माती आणि शेणखत घालून त्यात गहू टाकायचा, रोज गाणी म्हणत पाणी घालायचे, आणि शेवटच्या दिवशी ती कोवळी रोपे खुडून थोरांच्या पागोट्यात खोवायची. जिची तीज उंच, तिचे नशीब उंच, असे तिथे धरून चालतात. शीला अकरा वर्षांची असताना तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या, ओसरीवर सगळ्या टोपल्या मांडल्या होत्या. तिची टोपली कोणीतरी मागे, धान्याच्या कणगीआड सरकवली, जिथे ऊन पोचत नव्हते. शेवटच्या दिवशी तिचा गहू सगळ्यांच्या गव्हापेक्षा चार बोटे उंच निघाला; पिवळसर, नाजूक, वाऱ्याशिवाय डुलणारा. बायांनी तिची अलाबला घेतली. तिच्या आईने, मानीबाईने, त्या दिवशी जितकी मान वर केली तितकी पुन्हा कधी केली नाही.

पुढे पदव्युत्तर वर्गात वनस्पतिशास्त्र शिकताना त्या चार बोटांचा उलगडा झाला, आणि शीलाला तो उलगडा आशीर्वादापेक्षा मोठा वाटला. रोपाला डोळे नसतात, पण प्रकाशाचे रंग त्याला ओळखता येतात. लाल आणि निळा प्रकाश पुरेसा मिळाला की रोप समजते, आपण उघड्यावर आलो; मग ते उंच होण्याची घाई सोडते, खोड जाड करते, मुळे पसरवते. अंधार मिळाला, किंवा दुसऱ्या पानांतून गाळून आलेला हिरवट, कमकस प्रकाश मिळाला, की त्याला वाटते आपण कोणाच्या तरी सावलीत अडकलो. मग त्याच्या अंगातली संजीवके, जिबरेलिन आणि ऑक्सिन, त्याला वर ढकलतात. असेल नसेल तेवढी शिदोरी खर्चून ते उजेडाच्या शोधात धावत सुटते. उंच रोप हे भाग्यवान रोप नव्हे, घाबरलेले रोप असते. शीलाने मंडप-सजावटीच्या दुकानातून लाल, निळे, हिरवे जिलेटिन कागद आणले, त्यांच्या पेट्या केल्या, त्यांत मिरचीची रोपे वाढवली आणि सव्वाशे पानांचा प्रबंध लिहिला. मार्गदर्शकांनी शेवटचे पान पाहून सही केली.

त्यानंतर एका महाविद्यालयात ती सतरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. दर वर्षी जूनमध्ये ती नव्याने लागे आणि मार्चमध्ये सुटे. अठराव्या जूनमध्ये तिला कोणी बोलावले नाही. कारण विचारणारा अर्ज तिने केला. त्याची पोच आजही तिच्या पेटीत आहे.

रोपवाटिकेची कल्पना विमलताईंची. विमलताई शेजारच्या गावच्या, बचत गटाच्या अध्यक्ष, बोलायला सडेतोड आणि कामाला वाघीण. गटात अकरा बाया. ‘भाजीपाला रोपवाटप अभियान’ नावाची एक योजना त्या भागात आली होती. पाच गावांतल्या शेतकऱ्यांना मिरचीची बारा हजार रोपे वाटायची होती आणि ती बचत गटाकडून घेतली तर कागदोपत्री शोभून दिसणार होती. गटाकडे जागा होती, विहीर होती. शिकलेले माणूस नव्हते. विमलताई शीलाच्या दारात येऊन म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही आतापर्यंत लय लिवलं. आता काई उगवून दाखवा.”

हे बोलणे शीलाला लागले, म्हणूनच ती तयार झाली.

रोपांवर जाळी टाकायची म्हणून ती कलीमभाईंच्या दुकानात गेली. ताडपत्री, पन्नी, दोरखंड, शेडनेट असे सगळे विकणारे कलीमभाई गिऱ्हाइकाचे ऐकून घेण्याआधीच मालाची गुंडाळी उलगडायला लागतात. त्यांनी हिरवी नेट काढली. शीलाने पांढरी मागितली. झाड हिरवे, मग त्याला हिरवेच मानवते, आजवर कोणी पांढरी नेली नाही, असे त्यांनी परोपरीने समजावले. शीलाने त्यांना प्रकाशाचे रंग समजावले. कलीमभाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मॅडम, तुमची बात सही असन. पन पांढऱ्या जाळीत रोप ठेवलं तं लोक म्हनतीन, मच्छरदानीत कोनाले झोपवलं.”

तिने पांढरीच नेली. पुढचे पाच आठवडे हा तिच्या आयुष्यातला सर्वांत कमी तक्रारीचा काळ होता, असे म्हणायला हवे. सकाळी बाया यायच्या, ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरायच्या, एकेका खळग्यात एकेक बी टाकायच्या, झारीने पाणी द्यायच्या. ट्रे दाटीने ठेवायचे नाहीत, रोपांना एकमेकांची सावली लागू द्यायची नाही, एवढे शीलाने बजावले होते. दुपारी विमलताई तिला मुद्दाम विचारत, आज रोपांनी काय रंग पाहिला. बाया हसत. शीला खरेच उत्तर देई. हळूहळू बायांना त्यात गोडी वाटू लागली. अडतिसाव्या दिवशी रोपे अकरा सेंटिमीटर झाली. पेन्सिलीसारखे खोड, काळपट हिरवी पाने, आणि ट्रेमधून उपटून पाहिले तर पांढऱ्या मुळांचे घट्ट विणलेले जाळे. इतके चांगले रोप शीलाने प्रबंधासाठीही वाढवले नव्हते.

एकोणचाळिसाव्या दिवशी अभियानाचे तपासनीस रामराव गुल्हाने मोटारसायकलवर आले. पन्नाशीचा, सुस्वभावी, घाईतला माणूस. त्यांनी चहा घेतला, बायांची चौकशी केली, खिशातून पोलादी पट्टी काढली आणि पहिल्या ट्रेतल्या पहिल्या रोपाशेजारी उभी धरली. मग दुसऱ्या ट्रेत. मग पाचव्या. पट्टी पुसून खिशात ठेवत ते म्हणाले की रोपे ठेंगणी आहेत. निकष किमान पंधरा सेंटिमीटरांचा आहे.

शीलाने एक रोप मुळासकट उपटून त्यांच्या हातात दिले. खोडाची जाडी दाखवली, मुळे दाखवली, उंची हा रोपाच्या ताकदीचा पुरावा नसून बहुधा उपासमारीचा पुरावा असतो, हे शुद्ध आणि मुद्देसूद भाषेत सांगितले. रामरावांनी सगळे ऐकले. ते वाईट नव्हते. ऐकत असताना त्यांनी मोबाइलकडे एकदाही पाहिले नाही.

“मॅडम, तुमचं पटते मले,” ते म्हणाले. “पन फारमात मुळाचा कॉलमच नाही. उंचीचा हाये. मी मुळं कुठं लिहू?”

“शेऱ्यात लिहा.”

“शेऱ्यात लिवलं का वरून इचारणा होते. पंधरा दिवस देतो. लांबवा थोडं.”

ते गेल्यावर बायांनी जाळीच्या मांडवातले ट्रे पुन्हा जागेवर लावले. माल नाकारला गेला तर बारा हजार रोपे मांडवातच वाळणार होती, बायांचा आख्खा हंगाम त्यांच्यासोबत जाणार होता, आणि पुढे या गटाला कोणी काही वाढवायला देणार नव्हते. शीलाने त्याच दिवशी अभियानाच्या कार्यालयात अर्ज दिला. निकष अशास्त्रीय असल्याबाबत. चार पाने, आकृतीसह. बाबूने पोच दिली, खुर्ची दिली. तीन दिवस ती रोज जाऊन त्या खुर्चीवर बसली. चौथ्या दिवशी तिला सांगण्यात आले की साहेब दौऱ्यावर असून अर्ज तज्ज्ञांच्या अभिप्रायासाठी पाठवला आहे, आणि परिसरात तज्ज्ञ कोणी नसल्यामुळे वेळ लागेल.

त्या संध्याकाळी विमलताई तिच्याकडे आल्या. रागावलेल्या नव्हत्या, तेच शीलाला जड गेले.

“मॅडम, तुमचं रोप खरं हाये, हे आमाले दिसते,” त्या म्हणाल्या. “पन खरं रोप घेऊन मी अकरा घरी काय सांगू? तुमी अर्ज करून मोकळ्या होता. आमाले अर्ज करता येत नाही.”

विमलताई गेल्यावर मानीबाई बाजेवरून उठून बसली. वय पंच्याहत्तरीपुढे, नजर अधू, कान मात्र शाबूत. तिने विचारले की एवढेच ना, लांब पाहिजे. मग तिने जे सांगितले त्यासाठी शीलाने सव्वाशे पाने लिहिली नसती तरी चालले असते.

“तुही तीज लांबली होती ते वर्ष आठवते? टोपली मीच सरकवली होती कणगीमागं. तुह्या आजीनं माह्यी सरकवली होती.”

“तुले माहीत होतं, याडी?” शीलाने आईला विचारले.

“सगळ्याच बायाले माहीत असते. उन्हात ठेवलेली तीज कोन पाह्यते?”

शीलाने वर्षानुवर्षे त्या तिजेला तांड्याचे अज्ञान समजून आपले शास्त्र त्यापुढे उभे केले होते. ते अज्ञान नव्हते. तांड्यातल्या बायांना रोप कसे लांबते हे पूर्वीपासून ठाऊक होते, आणि पाहणाऱ्याला काय हवे असते हेही. शीलाला त्यातले फक्त पहिले अर्धे शिकवले गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती कलीमभाईंकडे गेली आणि हिरवी नेट मागितली, दुहेरी घालण्याइतकी. कलीमभाईंनी गुंडाळी काढली, पण उलगडली नाही. त्यांनी फक्त एकदा विचारले, “पांढरी वापस करता का?” ती नाही म्हणाली. त्यांनी थट्टा केली नाही, याचे तिला नंतर बरेच दिवस वाईट वाटत राहिले. तिथून ती कृषी केंद्रात गेली. काउंटरवर एक बाटली मागितली तर दुकानदार म्हणाला, कोणते टॉनिक, फुलाचे की वाढीचे? संजीवकाला बाजारात टॉनिक म्हणतात, जणू रोप आजारी असून ते पाजल्यावर त्याला तरतरी येणार आहे. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत जिबरेलिक आम्ल असे लिहिले होते. तेच, ज्याच्या एका आलेखासाठी ती कधीकाळी प्रयोगशाळेत अठरा दिवस पट्टी घेऊन बसली होती.

बायांनी पांढरी जाळी काढली, दुहेरी हिरवी चढवली. ट्रे एकमेकांना चिकटवले. शीलाने स्वतः फवारणी केली, ते काम तिने दुसऱ्या कोणाला दिले नाही. चार ट्रे तेवढे तिने फवारले नाहीत. घरामागे उन्हात नेऊन ठेवले. मांडवात आता पाण्याखाली असल्यासारखा उजेड होता. तिसऱ्या दिवशी रोपे हलली. सहाव्या दिवशी ती वाकून वर पाहू लागली. दुपारी विमलताईंनी रोपांनी काय रंग पाहिला हे विचारणे सोडून दिले होते.

दहाव्या दिवशी, मुदत संपली तसे रामराव आले. पट्टी धरली. सोळा. सतरा. एका ट्रेत साडेसतरा. पाने फिकी, खोड दोऱ्यासारखे, पण फॉर्ममध्ये खोडाचाही कॉलम नव्हता. रामराव मनापासून खूश झाले. त्यांनी ट्रेसोबत अकरा बायांचा फोटो काढला, शीलाला मध्ये उभे केले.

“आता कशी मिरची वाटते,” ते म्हणाले. “पाह्यलं ना, तुमाले येते. फक्त तुमी शास्त्रात अडकता.”

वाटप पाच गावांच्या मधल्या शाळेत झाले. लाभार्थ्यांच्या यादीत शीलाचा सख्खा भाऊ नेमसिंगही होता. नेमसिंग तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. कमी बोलणारा, बहिणीच्या शिक्षणाचा अभिमान बाळगणारा आणि तो कधी न दाखवणारा. शीलाने त्याला बाजूला घेऊन सांगितले की मांडवातली रोपे नेऊ नको, घरामागे चार ट्रे ठेवले आहेत, ते ने. तो घरामागे जाऊन पाहून आला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“काहून, बाई?” तो म्हणाला. “साऱ्या गावाले वीतभर उंच रोप, अन् भावाले उरलंसुरलं?”

ती समजावू लागली. तिने मुळांचे सांगितले, सावलीचे सांगितले, फवारणीचे सांगायला तिची जीभ वळेना, कारण चार पावलांवर रामराव उभे होते आणि विमलताई नावे वाचत होत्या. तो तिचे ऐकत होता, पण त्याची नजर मांडवातून आणलेल्या ट्रेंवर होती. त्याने सर्वांत उंच रोपांचे ट्रे निवडले आणि जाताना तिला म्हणाला, “तू केलेलं रोप हाये, मी चांगलंच नेणार ना.” तांड्यातल्या तिजेला पाहणाऱ्यांत तोही वाढला होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस वारा सुटला. त्याहून अधिक काही झाले नाही. तसला वारा दर वर्षी सुटतो. पाचही गावांत मिरचीने मान टाकली. काही रोपे गुडघ्यात मोडल्यासारखी वाकली, काही कडेने लोळली, बाकीची उभी राहिली पण वाढेनात. अभियानाचे पथक पाहणीला आले. शेतकऱ्यांनी रोपांना काठीचा आधार दिला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

शीला नेमसिंगच्या शेतात गेली. तो वाकलेल्या रोपांना मातीची भर देत बसला होता. तिला वाटले तो चिडेल. चिडला असता तर तिचे ओझे थोडे उतरले असते. त्याने वर पाहिले आणि म्हणाला, “माह्या जमिनीतच काई दम नाही, बाई. तुह्यं रोप तं लय चांगलं होतं.”

ती परत आली आणि तिने पेटीतून कोरे कागद काढले. अर्जदार: शीला आडे. गैरअर्जदार: शीला आडे. विषय: मिरचीच्या निरोगी रोपांची हेतुपुरस्सर सावली व संजीवकाद्वारे अनैसर्गिक उंची वाढवून शेतकऱ्यांची फसवणूक केल्याबाबत. खाली तिने तारखा दिल्या, जाळीचा रंग दिला, बाटलीवरचे नाव दिले, फवारणीचे प्रमाण दिले. निकष कोणी ठरवला याची चौकशी व्हावी आणि तो मान्य करणाऱ्या माझ्यावरही कारवाई व्हावी, अशी विनंती केली. गटातल्या बायांना यातले काही माहीत नव्हते, असेही लिहिले. अर्जातले तेवढे एकच वाक्य खोटे होते. तिने तो अर्ज नेऊन दिला तेव्हा बाबूने सवयीने शिक्का मारला, मग दोन्ही नावे पाहून थबकला आणि म्हणाला की मॅडम, खालचे नाव चुकले वाटते. ती म्हणाली, चुकले नाही.

सात आठवड्यांनी पोस्टमन गोविंदा दोन लिफाफे घेऊन आला. दोन्ही नोंदणीकृत, दोन्हींवर तिचेच नाव. एक अर्जदार म्हणून, एक गैरअर्जदार म्हणून. नियमाप्रमाणे दोन्ही पक्षांना प्रत द्यावी लागते. गोविंदाने दोन ठिकाणी सही मागितली. मानीबाई अंगणात घरामागच्या झाडांच्या मिरच्या निवडत बसली होती. ते चार ट्रे शीलाने शेवटी परसातच लावले होते. झाडे कमरेएवढी, खोडे जाड, फांदीफांदीला मिरची लगडलेली. वाऱ्याने त्यांचे पानही हलवले नव्हते. ती कोणालाही दाखवून उपयोग नव्हता, म्हणून घरात रोज ठेचा होत होता.

पत्र अर्ध्या पानाचे होते. उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने तपासणी केली असता, पुरवठा केलेल्या रोपांची उंची विहित निकषापेक्षा जास्त असल्याचे अभिलेखावरून दिसून येते. सबब तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.

दुसऱ्या लिफाफ्यात हेच पत्र होते. गैरअर्जदाराच्या प्रतीला मात्र एक कागद जास्त जोडलेला होता. गटाची उत्कृष्ट कामगिरी पाहता पुढील हंगामात वीस हजार रोपांचा पुरवठा याच रोपवाटिकेकडून घेण्याचे प्रस्तावित असून, गुणवत्तावाढीच्या दृष्टीने किमान उंचीचा निकष अठरा सेंटिमीटर करण्यात आला आहे.

मानीबाईने निवडलेल्या मिरच्या पदरात गोळा केल्या आणि कोणाचे पत्र आहे ते विचारले.

“दोघींचं हाये,” शीला म्हणाली, आणि तिने सह्या करून पेन गोविंदाला परत दिले.